ऐंशी हजार उत्तरांचा धागा

सकाळचे अकरा वाजले की सर्व्हरला धाप लागायची. घरगुती दुरुस्तीच्या त्या फोरमवर चर्चेचे धागे शेकड्यांनी होते, पण छळायचा तो एकच: ‘वीज, विचारा काहीही’. लोकांनी खरंच काहीही विचारलं होतं आणि उत्तरं ऐंशी हजारांवर गेली होती. सर्व्हर सांभाळणाऱ्या चिमीला मालकाने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर फोरम सुरळीत झाला नाही, तर तिचं काम जाणार होतं.

धागा बंद करून नवा भाग सुरू करू, असं तिने सुचवलं. आडवा आला तिचा सख्खा मामा. निवृत्त वायरमन, त्या धाग्याचा राखणदार, आणि तिला हे काम मिळवून देणाराही तोच. जुन्या लोकांना काही सापडणार नाही, असं काहीतरी गुळमुळीत तो बोलला. एरवी चिमीच्या प्रत्येक बेताला ऐकण्याआधीच हो म्हणणारा माणूस. पाणी कुठेतरी मुरत होतं.

तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. रोज अकराला मामाच्या खात्यातून जुनी पानं एकेक करून उघडली जात होती आणि अधूनमधून एखादं उत्तर पुसलं जात होतं. इथे चिमीची स्वतःची हौस नडली होती. मधलं उत्तर उडालं की पुढच्या सगळ्यांना नवे क्रमांक मिळावेत, ही सोय तिनेच केलेली. मामा एक उत्तर पुसायचा आणि सर्व्हर साठ-सत्तर हजार आकडे गिरवत बसायचा.

ती सोय तिने दहा मिनिटांत बंद केली. काम वाचलं, पण मन थाऱ्यावर येईना. मामा काय लपवतोय? कुणाच्या सांगण्यावरून? जेवताना त्याने फोन पालथा ठेवला, तेही तिच्या डोळ्यांत खुपलं. आईला सांगण्यात अर्थ नव्हता, ती भावाचीच बाजू घेणार.

शेवटी तिने बॅकअपमधून पुसलेली उत्तरं बाहेर काढली. एकतीस होती. सगळी मामाचीच आणि सगळ्यांत एकच सल्ला: फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घाबरू नका, प्लगमधल्या दोन तारा अदलाबदल करून बघा.

लॅपटॉप घेऊन ती त्याच्या घरी गेली. तिने पडद्यावरची यादी वाचून दाखवताच मामाने सगळं सांगून टाकलं. चुकीचा सल्ला होता, त्याने जीवही जाऊ शकतो, हे गेल्या महिन्यात कुणीतरी समजावलं तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला होता. चारचौघांत कबूल करायची लाज वाटली, म्हणून गुपचूप पुसत सुटला होता. त्यासाठीच त्याला धागा उघडा हवा होता. चिमीला स्वतःच्या संशयाची शरम वाटली.

“हा सल्ला दिला त्यांतल्या तीस जणांनी नंतर काही ना काही लिहिलंय,” मामा म्हणाला. “फक्त एकाने काहीच लिहिलं नाही. तो परत आला होता का, ते तुला दिसतं ना?”

तिने ते खातं उघडलं. शेवटची भेट सहा वर्षांपूर्वीची, सल्ला मिळाल्यावर अकरा मिनिटांनी. एक प्रश्न विचारून कायमचे गेलेले लोक फोरमवर हजारोंनी होते. पण हे मामाला सांगून त्याचं समाधान होणार नव्हतं.

“येतो की,” ती म्हणाली. “गेल्या आठवड्यातच येऊन गेला. लिहीत नाही फक्त.”

 मामाने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“दाखव,” तो म्हणाला.