दांड्याला बांधलेली वाकळ

मित्रांनो, डोळे मिटून ऐका बरं. बेळगावच्या शहापूरचा अरुंद बोळ, घराघरांतून मागांचा खटक-खटक आवाज. एकच घर गप्प. त्या घरातला मी एक जुना हातमाग आहे.

सागवानाचा मी. बेळगावात मोटारी दिसत नव्हत्या, तेव्हा सुताराने मला घडवलं. लोक म्हणायचे, "साडीचा काठ बघावा तर भरमूच्या मागाचा!" भरमू माझा मालक, पण विणायची त्याची बायको, राजाबाई. माझ्याखालच्या खड्ड्यात पाय सोडून ती वाकली, की तिची छाती माझ्या पुढच्या दांड्याला टेकायची.

एका दिवाळीनंतर ती टेकली आणि मला काहीतरी टणक लागलं. तिलाही लागलं. स्तनात चिंचोक्याएवढी गाठ होती. दुखत मात्र नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, तिचा तुकडा काढून तपासला. "गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही. पण जात वाईट दिसते, भराभर वाढणारी. आत्ताच स्तन काढला, तर आशा आहे. खात्री देत नाही. थांबलात, तर आशाही जाईल."

घरी येऊन भरमू म्हणाला, "दांड्याचा मार हाय ह्यो. कापायचं कशाला? माग बंद ठिवू, हळद बांधू."

शेजारची शालूबाई हसली, "व्हय की! माग म्हंजे दुसरी सासूच. बसल्या जागी मारती."

माग बंद झाला, आणि जाता-येताही मार लागू नये म्हणून भरमूने माझ्या दांड्याला जुन्या लुगड्यांची वाकळ गुंडाळली. मी लाकूड खरं, पण मी मारलं नव्हतं एवढं मला ठाऊक होतं. ते सांगायचं कुणाला?

शिमगा आला. माझ्यावर कोळ्यांनी जाळी धरली. आईच्या पाठीवर पाणी घालताना छोटी कमला ओरडली, "आप्पा, माग बंद हाय न्हवं? मग गाठ सुपारीएवढी कशी झाली?"

 दुसऱ्याच दिवशी भरमू राजाबाईला दवाखान्यात घेऊन गेला. स्तन काढला, पण रोग काखेत पोचला होता. तिचा हात सुजला, आडवा धागा नेणारा धोटा फेकता येईना. पुढच्या पावसाळ्यात रोग फुफ्फुसात उतरला, खोकला लागला, आणि दिवाळीपूर्वी ती गेली.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, असं मी मागत नाही. अंगात काही नवं टणक लागलं, तर दुखत नसलं तरी आधी दाखवा. दोष कुणाचा, ते मागाहून ठरवा.

राजाबाई गेल्यावर थोड्या दिवसांनी शालूबाई छातीवर हात ठेवून दारात आली. "कमले, मलाबी हिथं आमच्या मागाचा दांडा लागलाय बग, टणक लागतंय. ती वाकळ दे की, पडूनच हाय."

कमलाने वाकळ सोडली, घडी घालून कोनाड्यात ठेवली. मग शालूबाईचं मनगट घट्ट धरलं आणि तिला ओढतच दवाखान्याच्या वाटेला लागली.