तीस ठोकळे, एकच आकडा

खोटं बोलायचं तर निदान मन लावून बोलावं. बिल्डर हितेशच्या सुपरवायझरला तेवढेही कष्ट नको होते. शीळफाट्याजवळच्या त्यांच्या इमारतीत प्रत्येक स्लॅबच्या वेळी काँक्रीटचे ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि लॅबमध्ये फोडून ताकद मोजायची, असा नियम. पहिल्या चार मजल्यांचे तीस ठोकळे फुटले: हवी होती ताकद पंचवीस, आली तीसच्या तीस वेळा तेहतीस. काँक्रीट असं वागत नाही. कधी पाणी जास्त पडतं, कधी वाळू ओली असते, कधी मिक्सरवाला जेवायला गेलेला असतो. आकडे वरखाली व्हायलाच हवेत.

आणि मी, हेमा, नौपाड्यात हरिहर सरांच्या ऑफिसात वीस वर्षं इमारतींची गणितं करणारी, त्याच आकड्यांवर भाळले. काँक्रीट इतकं एकसारखं, म्हणजे खांब बारीक केले तरी चालतील. कॉम्प्युटरवर ती इमारत लाखो वेळा पाडून पाहिली, वरच्या मजल्यांचे खांब कमी केले, आठवा मजला बसवला आणि पडण्याची शक्यता काढली: लाखात एक. सरांकडून शाबासकीही घेतली. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

इमारत पूर्ण झाली, सुरक्षिततेच्या दाखल्यावर माझी सही तेवढी राहिली. सहीआधी साइटवर गेले, तेव्हा सुपरवायझर कमलेशने मला चहा दिला आणि कौतुकाने सांगितलं, "मॅडम, सगळे ठोकळे एकाच दिवशी भरलेले. सिमेंट जरा जास्त टाकून मस्त माल केलेला. तारखा नंतर टाकल्या. दर वेळी साचे कोण धूत बसणार?" त्याला त्यात काही चुकल्यासारखंही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हितेश आला, सोबत त्याची आई सगुणामावशी. जमीन अजून तिच्याच नावावर, त्यामुळे तिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. मी सरळ सांगितलं, सही करणार नाही.

"अगं, सगळीकडे थोडंफार असं चालतंच," सर म्हणाले. "रविवारी यांची वास्तुशांत आहे. इमारत पडेल असं तुझं म्हणणं आहे का?"

"नाही. मला माहीत नाही, असं म्हणणं आहे. आणि सर, तुम्हालाही माहीत नाही."

सरांशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. पण मागे हटायचं नाही हे ठरलं होतं.

"तुझी सही नसेल तर मी करेन," सर म्हणाले.

"करा. पण आधी तळाच्या बारा खांबांतून नमुने कापून काढा आणि ते फोडा."

"नव्या खांबांना भोकं पाडायची?" हितेश उसळला. "आकडे एकसारखे आले, हाच आमचा गुन्हा काय?"

"आमी मिठागरान पाट्या उचलल्या," सगुणामावशी म्हणाली. "दोन पाट्या कदी एका वजनाच्या भरल्या नाय. मुकादमानी सगल्यांचा एकच वजन सांगला, त काय समजायचा? त्यानी काटाच लावला नाय. पार त्या खांबांना भोका."

वीस वर्षांत मला कुणाला इतकं सोपं करून सांगता आलेलं नाही.

"ठीक आहे," हितेश म्हणाला. "पण चांगले निघाले, तर मॅडमनी वास्तुशांतीला येऊन सगळ्यांसमोर माफी मागायची."

"मागेन," मी म्हटलं.

शनिवारी लॅबचा कागद आला तेव्हा आम्ही चौघंही साइटवर खांबांमध्ये उभे होतो. हितेशने तो माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. हवे होते पंचवीस, सरासरी आली अठ्ठावीस. "बघा, बोललेलो ना?"

"खालपर्यंत वाचा," मी म्हटलं.

शेवटच्या खांबाचा आकडा तेरा होता.

"अकरा पास आहेत ना पण," तो म्हणाला. सरांनी घसा खाकरला. "त्या एका खांबाला बाहेरून मजबुती देऊ. लोकांना राहायला येऊ दे, मग बाकीचे सावकाश तपासू."

"तळाच्या अठ्ठेचाळीस खांबांपैकी बारा पाहिले, सर. उरलेल्या छत्तीसात असे किती आहेत? माझं लाखात एक खोटं होतं. ते मी खोडलंय, आणि तुम्ही सही केलीत तर मी महापालिकेला तसं लेखी कळवणार. नोकरीवरून काढायचं तर काढा." बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं.

हितेशने उद्या चाव्या द्यायच्या लोकांची यादी काढली. "आई, छप्पन कुटुंबं थांबलीत. आपलीच भावकी आहे. लोक काय बोलतील?"

सगुणामावशी त्या तेरा आकड्याच्या खांबापाशी गेली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मंग याच्यावर कोनाला ठेवतस?" तिने विचारलं. "नाव सांग."

हितेशने यादीत पाहिलं. बोट पहिल्या नावावर ठेवलं, उचललं, दुसऱ्यावर ठेवलं. पान उलटलं. पुन्हा मागे आला.

मग त्याने यादीची घडी घातली आणि फोन लावला. "गुरुजी," तो म्हणाला, "उद्या येऊ नका."