दुसरीच्या वर्गातले मास्क

ललिता खंडारे आपल्या वर्गातली पोरं डोळ्यांवरून ओळखायची, आवाजावरून ओळखायची, एकदोघांना तर नुसत्या चालण्यावरून. चेहरे मात्र तिला कोणाचे धड ठाऊक नव्हते. खिचडी खाताना तेवढे ते उघडे पडत, पण तेव्हा पोरं व्हरांड्यात लांब लांब, भिंतीकडे तोंड करून बसवलेली असत. पहिलीचं अख्खं वर्ष त्यांनी मोबाइलवर काढलं होतं, म्हणजे ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांनी. बाकीच्यांनी शेळ्यांमागं काढलं. आता दुसरीत आल्यावर खरी शाळा सुरू झाली, ती तोंडाला फडकं बांधून.

ललिता अकोल्याहून रोज यायची. बार्शीटाकळीपर्यंत बस, पुढं फाट्यापर्यंत ऑटो आणि फाट्यापासून शाळेपर्यंत पायी. जिल्हा परिषदेची ती लहानशी शाळा. दुसरीचा वर्ग तिच्याकडं होता आणि त्या वर्गाला वाचता येत नव्हतं, ही तिची रोजची बोच होती. पाटीवर 'बस' लिहा म्हटलं की कोणी 'दस' लिही, कोणी 'गस'. चूक त्यांची नव्हती. ब म्हणताना ओठ कसे मिटतात आणि द म्हणताना जीभ दातांना कशी लागते, हे त्यांनी बाईंच्या तोंडावर कधी पाहिलंच नव्हतं. मास्कच्या आतून सगळी अक्षरं एकाच भावात बाहेर पडत.

एप्रिल लागला आणि सरकारनं मास्कची सक्ती उठवली. ज्याला लावायचा त्यानं लावावा, नाही त्यानं नाही. मुख्याध्यापक चंद्रभान सर मोठे सावध माणूस. ते म्हणाले, "आपण पालकांना विचारू. उद्या कमीजास्त झालं तर आपल्या माथी नको." आणि त्यांनी शनिवारी सभा बोलावली.

शाळा समितीचे अध्यक्ष होते गोपाल ढोरे. घरची शेती, बोलायला रोखठोक, मनानं वाईट नाही. त्यांचा अंकुर ललिताच्याच वर्गात होता. तेच पहिल्यांदा उठले.

"सर, ह्या उनात लेकरं गुदमरून राह्यले. अंकुर घरी येते तवा मास्क नुसता घामानं चिंब. बाजारात कोणी लावत नाई, लग्नात कोणी लावत नाई, मंग लेकरायनंच काहून लावावं?"

माना डोलल्या. सरांनी ललिताकडं पाहिलं. ती उभी राहिली.

"माझा मोठा भाऊ मागच्या वर्षी अमरावतीत ह्याच रोगानं गेला," ती म्हणाली. "तेव्हा मास्कला हलकं समजणाऱ्यांतली मी नाही. पण ह्या पोरांची दोन वर्षं गेली. त्यांना माझे ओठ दिसायला पाहिजेत, मला त्यांचे. नाहीतर ती तिसरीतही अशीच अडखळतील. आता काढूया, असं मला वाटतं."

त्यानंतर बोलायला काही उरलं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली जमुना बोलली. ती गव्हाच्या मळणीवरून तशीच आली होती. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यावर भुसा होता. तिची प्रतीक्षा दुसरीतच शिकत होती.

"मास्क राहू द्या," ती म्हणाली.

"काहून वं?" गोपालभाऊंनी विचारलं.

"राहू द्या म्हणते. सुट्ट्या लागेपर्यंतच त हाय."

"कारण सांग ना बाई. बिनकारणाचं कसं ठेवायचं?"

जमुना दुपट्ट्यावरचा भुसा झटकत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "जमुनाबाईनं मास्कचं दुकान टाकलं वाट्टे," आणि हशा पिकला. ललितालाही हसू आलं, तिनं ते दाबलं. ठराव झाला. सोमवारपासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

सभा आटोपून ललिता फाट्याकडं निघाली, तर वाटेत बाभळीच्या सावलीला जमुना उभी. आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहून ती पुढं आली.

"म्याडम, तुमाले सांगते. पण कोणाले सांगू नका. पोरीले सिकलसेल हाय."

ललिता थांबली. हे नाव तिनं ऐकलं होतं, आरोग्य खात्याच्या शिबिरात एकदा फलकही पाहिला होता.

"रक्ताचा आजार," जमुना सांगू लागली. "साधा ताप आला का हातपाय असे दुखतेत का पोरगी रातभर कण्हते. मंग अकोल्याले न्या, भरती करा, सलाइन लावा. बालवाडीत होती तवा सर्दी एकाले झाली का हिचा नंबर ठरलेला. अन हे मास्कवालं वर्ष असं गेलं म्याडम, का एकडाव भी भरती करा लागलं नाई. लोक ह्या मास्कले शिव्या देऊन राह्यले. मले त देवानं धाडल्यावानी वाटला."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

जमुनानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू बाईंना एवढंही कळू नये.

"माह्या जाऊच्या पोरीचं गावाले माईत झालं होतं. दोन जागचे पाहुणे च्या पिऊन परत गेले. रक्तात दोष हाय म्हणे. पोरीची जात हाय म्याडम. मी बोलत नाई, तुमी भी बोलू नका."

ललितानं कबूल केलं. ऑटोत बसल्यावर तिला आपलं सभेतलं बोलणं आठवत राहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि बाभळीखाली जे ऐकलं, तेही खरंच होतं. दोन्ही खरं असलं तर माणसानं कोणत्या बाजूनं उभं राहावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी वर्ग भरला आणि ललिताला हसावं की रडावं कळेना. केवढे ते चेहरे! कोणाचे पुढचे दोन्ही दात पडलेले, कोणाच्या गालाला खळी, आणि जिला ती फार गंभीर समजत होती त्या भावनाच्या ओठांवर कायमचं हसू. तिनं फळ्यावर 'ब' काढला, ओठ मिटून उघडले, आणि सगळ्या वर्गानं ओठ मिटून उघडले. शाळा सुटेपर्यंत 'बस', 'बदक' आणि 'बकरी' पाटीवर नीट उतरली.

फक्त प्रतीक्षाच्या तोंडावर मास्क होता. निळा, फुलाफुलांचा, आईनं जुन्या परकराचा शिवलेला.

"तुहे दात पडले काय?" अंकुरनं विचारलं. "दाखव ना."

"तिले दाढी आली असन," आणखी कोणी म्हणालं.

ललितानं दटावलं. पण पोरं ती पोरं. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा मास्क लावून आली आणि प्रार्थना होईस्तोवर तो तिच्या दप्तरात गेला होता. शेजारी बसलेला अश्विन सारखं नाक ओढत होता. ललितानं प्रतीक्षाला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. पोरगी उठली खरी, पण तिचे डोळे भरून आले.

"मी काय केलं म्याडम?"

"काही नाही केलं गं. इथं वारा चांगला येतो."

ललिताला कळून चुकलं, की ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं की जो एकटा उरतो त्याची मर्जी चालत नाही. निदान दुसरीतल्या पोरीची तर नाहीच. त्या दिवशी घरी जाऊन तिनं कपाटातला आपला मास्क काढला.

बुधवारी बाईच मास्क लावून वर्गात आल्या. "वर्गाच्या आत मी लावणार आहे," ती म्हणाली. "ज्यांना माझ्यासारखं करायचं त्यांनी करा. वाचनाचा तास आपण बाहेर निंबाखाली घेऊ. तिथं लांब लांब बसायचं आणि मास्क काढायचा." पोरांना काय, निंबाखाली बसायला मिळतंय म्हटल्यावर ती कशालाही तयार. भावनानं दप्तरातून आपला मास्क काढला. तिचं पाहून आणखी चारसहा जणांनी. प्रतीक्षानं कोणाकडं न बघता आपला निळा मास्क कानांना अडकवला.

ही बातमी गोपालभाऊंच्या कानी जायला वेळ लागला नाही. गुरुवारी सकाळी ते थेट वर्गाच्या दारात.

"म्याडम, हे काय? सभेत तुमीच मणलं काढा म्हून. आमी तुमच्या शब्दावर ठराव केला. आता तुमीच लेकरायले मास्क लावाले शिकवून राह्यल्या?"

"कोणावर सक्ती नाही भाऊ. माझं मत बदललं."

"कशानं बदललं?"

सभेत दाराशी उभ्या असलेल्या जमुनाला कसं वाटलं असेल, ते तिला त्या क्षणी पुरतं उमगलं. माणसाजवळ कारण असतं, ओठांपर्यंत आलेलं असतं, आणि ते गिळावं लागतं.

"तुमी शिकलेल्या लोकायचं असंच," गोपालभाऊ म्हणाले. "आज एक, उद्या दुसरं. मी सरायले सांगतो."

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून प्रतीक्षा उठली. आपल्या बाईंना कोणीतरी रागावतंय, एवढंच तिला दिसत होतं.

"म्याडम माह्यासाठी लावतेत," ती म्हणाली. "माह्या रक्तात विळे हायेत."

"प्रतीक्षा, बस खाली," ललिता घाईघाईनं म्हणाली. पण आता पोरीला कोण थांबवणार!

"डॉक्टरनं मले चित्र काढून दाखवलं. तुमचं सगळ्यायचं रक्त गोल असते, लाडूवानी. माह्यावालं विळ्यावानी. म्हून ते अटकते. ताप आला का जास्त अटकते, मंग लय दुखते."

वर्ग थक्क होऊन तिच्याकडं पाहत राहिला. अंकुरचे डोळे मोठे झाले.

"खरंच विळे? आतून कापत नाई काय तुले?"

"कापत नाई," प्रतीक्षा जरा ऐटीतच म्हणाली. "लहान असतेत ते. दुर्बिणीतून दिसतेत."

"मले भी पाह्यजे," अश्विन म्हणाला आणि नाक ओढलं.

गोपालभाऊ दाराची चौकट धरून उभे होते. त्यांनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा ललिताकडं, आणि निघून गेले.

जमुनाला ते शेतातच कळलं. शाळा सुटायच्या वेळी ती आली ती तडक ललितावर.

"इस्वास ठेवला होता म्याडम तुमच्यावर!"

"मी नाही सांगितलं, जमुनाबाई. तिनंच सांगितलं. मला वाचवायला उठली ती." आणि ललितानं तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, विळे, लाडू, दुर्बीण सगळं. जमुना ऐकता ऐकता मटकन व्हरांड्याच्या पायरीवर बसली. पोरीनं आपला आजार असा नवलाची वस्तू दाखवावी तसा दाखवला, हे तिला कुठं ठेवावं कळेना. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अंकुरला न्यायला आलेले गोपालभाऊ फाटकाशी घुटमळत होते. शेवटी ते जवळ आले.

"जमुनाबाई, सभेतच सांगितलं असतं, त मी काय नाई म्हणणार होतो? लेकराच्या जीवाचं काम होतं."

जमुनानं पदरानं तोंड पुसलं.

"तुमी हो मणलं असतं, मले माईत हाय भाऊ. मास्क लावाले कोणीबी हो म्हणन. पण आणखी दहा वर्षांनी माह्या पोरीले पाहाले पाहुणे येतीन, अन पारावर तुमाले विचारतीन, पोरगी कशी हाय म्हून. तवा तुमी काय सांगसान?"

गोपालभाऊ फाटकाकडं बघू लागले. सभेत सगळ्यांत आधी उठणारा माणूस, पण त्यांनी खोटं खोटं काही बोलून वेळ मारून नेली नाही, एवढं ललितानं त्यांच्या बाजूनं मनात नोंदवलं. ते म्हणाले, "पोरगी बोलाले हुशार हाय, हे त सांगीनच." मग अंकुरचा हात धरून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अंकुर मास्क लावून आला. सगळे आले असं नाही. दोघातिघांच्या घरी 'पुन्हा कशाला ते' म्हटलं गेलं आणि ललितानं त्यांना काही म्हटलं नाही. फक्त त्यांना दाराजवळच्या बाकांवर बसवलं आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. चंद्रभान सरांनी ठराव बदलला नाही. ते म्हणाले, "कागदावर मर्जीच राहू द्या, वर्गात तुमचं तुम्ही बघा." वाचनाचा तास निंबाखालीच होत राहिला. सकाळची शाळा असल्यानं ऊन चढायच्या आत तो आटपायचा. अश्विनला ताप आला आणि आठवडाभर तो घरीच राहिला. प्रतीक्षाला काही झालं नाही. मास्कमुळं, खिडक्यांमुळं की नशिबानं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं ललितानं स्वतःशी कबूल केलं.

एप्रिल सरत आला तेव्हा एकदा ती फाट्यावर ऑटोची वाट पाहत उभी होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बेबीताई मागून लगबगीनं आल्या. सोबत त्यांची लहानगी नात होती. कडेवर बसायचं वय नव्हतं, तरी आजीनं तिला उचलून घेतलेलं.

"म्याडम," बेबीताईंनी आवाज खाली आणला, "ते विळ्याचं रक्त पाहतेत, ते कुठी? ह्या पोरीचे हात सारखे सुजतेत. आमी वात म्हून तेल लावून राह्यलो."

"सरकारी दवाखान्यात. बोटातून थेंबभर रक्त घेतात, पैसे लागत नाहीत. पण पुढं कुठं जायचं, कोणाला भेटायचं, ते मला नीट माहीत नाही ताई. जमुनाबाईंना विचारा."

"ते सांगन काय?"

ललिताला खात्री नव्हती. ती इतकंच म्हणाली, "विचारून तर पाहा."

सोमवारी सकाळी ललिता फाट्यावर उतरली, तर अकोल्याकडं जाणारा ऑटो समोरच्या बाजूला भरत होता. आत बेबीताई, मांडीवर नात, आणि त्यांच्या शेजारी धुतलेलं लुगडं नेसलेली जमुना. मळणीचे दिवस, एका दिवसाचा रोज बुडवून ती निघाली होती. ती बेबीताईंना मोठ्यानं समजावत होती, ऑटोतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"घाबरू नका मावशी. डॉक्टर साजरा माणूस हाय. पोरीले पाणी पाजत राहा लागते, गोळी चुकवाची नाई. मी सगळं दाखवते तुमाले."

ललितानं हात हलवला. जमुनानंही हलवला, आणि ऑटो बार्शीटाकळीच्या दिशेनं निघाला.