थोरली की धाकटी

अठरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कॅमेऱ्याची ही बॉडी घ्यायची की ती. दोन्ही मिररलेस, आत आरसा नसलेल्या नव्या जातीच्या, दोन्ही आपापल्या कंपनीच्या सगळ्यात वरच्या, किंमत जवळजवळ सारखी, वजनात चाळीस ग्रॅमचा फरक. माझा नवरा सकाळी दात घासताना एकीच्या बाजूने बोलायचा आणि जेवताना दुसरीच्या. लग्न ठरवताना या माणसाने इतका विचार केला नव्हता, हे मी त्याला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "तेव्हा पर्याय एकच होता." असा माणूस. सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण अर्ध्या गावाला फोटोग्राफी त्याने शिकवली, मलाही. रागावले की मीसुद्धा मास्तरच म्हणते.

कॅमेऱ्याचा दुकानदार मास्तरचा जुना विद्यार्थी. शेवटी त्यानेच वैतागून दोन्ही बॉड्या चार दिवसांसाठी घरी पाठवल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या जावा वाटाव्यात, दिसायला सारख्या आणि मनातून एकमेकींशी चढाओढ. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागले. डोळ्यांना दिसणारा मोठा फरक एकच. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर थोरलीत मधोमध आहे, धाकटीत डाव्या कोपऱ्यात. मास्तरचा कल धाकटीकडे. उजवा डोळा लावला की नाक बाहेर मोकळं राहतं, म्हणे.

आता खरं सांगते. हे कॅमेऱ्याचं खूळ मीच त्याच्या डोक्यात घातलं होतं.

आमच्या स्टुडिओची एक रीत आहे, पहिल्या दिवसापासूनची. फोटो तो काढणार, निवडणार मी. रीत त्यानेच घातली. काढणाऱ्याचा आपल्या फोटोंवर जीव असतो, म्हणून गाळणारा माणूस वेगळा हवा, असं तो मुलांनाही शिकवतो. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे येतं, मी वरच्या खोलीत बसून वाईट ते उडवते आणि उरलेले त्याला दाखवते. गाळलेले फोटो त्याने कधी मागितले नाहीत. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

आम्ही माणसांचे चेहरे काढतो. मास्तर लेन्स जुन्या वापरतो, हाताने फिरवून फोकस करायच्या. नव्या बॉड्या माणसाचा डोळा आपोआप पकडतात, पण त्याला ते चालत नाही. "डोळा मी पकडणार, मशीन कोण?" साधारण सव्वा वर्षापूर्वी मला दिसायला लागलं की डोळा पकडला जात नाहीये. आधी शंभरात दहा फोटो किंचित चुकायचे. मग तीस. मग साठ. फोकस थोडा मागे जायचा, कानावर, कधी केसांवर. मी ते गुपचूप उडवत राहिले. त्याला म्हणायचे, "आणखी वीस काढ रे, माझ्या समाधानासाठी." तो म्हणायचा, "हल्ली फार चिकित्सक झालीस." मी हसून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. वय झालं असेल, दमत असेल, त्याला कशाला सांगायचं? आयुष्यात या माणसाला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आपल्या नजरेचा, आणि तो मोडायचा मला धीर झाला नाही. एकदा त्यालाच काही फोटो धूसर वाटले, तेव्हा मी चटकन म्हटलं, "कॅमेरा जुना झाला." तिथून हे सगळं सुरू झालं.

बॉड्या घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दोन्हीवर चाळीस चाळीस फोटो काढू. तू स्टुलावर बस. एकदाचं हा सूर्य हा जयद्रथ होऊन जाऊ दे."

मी बसले. खिडकीचा उजेड एका गालावर. त्याने धाकटीला डोळा लावला आणि कुरकुरला, "हिच्यात दाराची चौकट वाकडी दिसते." मग थोरली घेतली. "हिच्यातही." मला राहवलं नाही. म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." तोही हसला. ते वाक्य मला अजून झोपेत आठवतं.

ऐंशी फोटो झाल्यावर कार्डं माझ्या हातात देताना तो म्हणाला, "या वेळी काही गाळू नकोस. तुलना करायची तर वाईटही बघायला हवेत. चहा टाकतो आणि येतो वर."

चहाला किती वेळ लागतो? मी धावत वर गेले. कार्डं लावली, फोटो उघडले. ठरवलं होतं की दोन्हीकडचे अगदी वाईट तेवढे उडवायचे आणि काही झालंच नाही असा चेहरा करायचा. धाकटीचे पाहिले. माझे डोळे धूसर आणि कान असा स्वच्छ की कुडीच्या फिरकीचे आटेसुद्धा मोजून घ्यावेत. थोरलीचे पाहिले. तोच कान. तेवढाच मागे. चाळीसातले एकतीस फसलेले इकडे, तेहतीस तिकडे.

आणि मी पहिल्यांदा घाबरले. दोन नव्याकोऱ्या बॉड्या एकच चूक करत नाहीत. थकलेला माणूस कधी पुढे चुकतो, कधी मागे. हा माणूस रोज एकाच जागी चुकत होता. मला दाराची चौकट आठवली. फोटोत ती सरळ होती, अगदी ओळंब्यात. वाकडी फक्त त्याला दिसली होती.

तो कप घेऊन आला तेव्हा सगळे ऐंशी फोटो पडद्यावर होते. त्याने एकेक पाहिला. पंधराव्या फोटोनंतर त्याने कप खाली ठेवला. मी म्हटलं, "डावा डोळा हाताने झाक आणि त्या खिडकीचे गज बघ." त्याने झाकला.

"वाकडेत," तो म्हणाला. "आणि मधला एक गज नाहीच आहे."

दोन्ही डोळे उघडे असताना डावा सगळं सांभाळून घेत होता. उजवा एकटा पडायचा तो फक्त व्ह्यूफाइंडरवर. काखेत कळसा आणि आम्ही गावभर कॅमेरे बघत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाई शांत होत्या. तपासलं, चित्रं काढली आणि समजावलं की उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बरोबर मधोमध पाणी झिरपतंय, म्हणून जिथे रोखून बघाल तेवढंच वाकडं किंवा पुसट दिसतं. मग विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"दोनेक महिने असेल," मास्तर म्हणाला.

"चौदा महिने," मी म्हटलं.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "सुरुवातीला आला असतात तर बरीच नजर वाचली असती. आता इंजेक्शनं देऊ, आहे ते राखायचा प्रयत्न करू. गेलेलं मात्र परत येईल अशी आशा मी दाखवणार नाही."

दवाखान्याच्या जिन्यात मी त्याला सगळं सांगितलं. दहा, तीस, साठ. काही राखून ठेवलं नाही. तो कठड्याला धरून उभा होता.

"मला वाईट वाटेल म्हणून?"

"हो."

"वाटलंच असतं," तो म्हणाला. "चार दिवस तोंड पाडून बसलो असतो. मग डॉक्टरकडे गेलो असतो."

त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, आयुष्यभर तेच केलंय. पण तो नुसता एकेक पायरी उतरत गेला आणि मी मागून. घरी आल्यावरही तो लागेल तेवढंच बोलला. जेवायला बस, दार लाव, एवढंच. मी त्याचा मान राखत होते असं स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे मला त्याचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता. त्या माझ्या सोयीपायी त्याचा डोळा गेला.

पाचव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला की बॉड्या परत हव्यात. मास्तर टेबलाशी गेला. धाकटी उचलली, डावा डोळा लावला. नाक मागच्या पडद्यावर दाबलं गेलं, गालाने बटणं दाबली गेली. खाली ठेवली. थोरली उचलली, डावा डोळा लावला, इकडेतिकडे फिरवून पाहिली. फोनवर म्हणाला, "मधल्या व्ह्यूफाइंडरची ठेवतोय." अठरा दिवसांचं काम दोन मिनिटांत झालं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्टुलावर बस."

आयुष्यभर उजव्या डोळ्याने बघणारा माणूस डाव्याने बघायला शिकतो तेव्हा हात आणि मान एकमेकांचं ऐकत नाहीत. त्याने बारा फोटो काढले. कार्ड काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. स्वतः वर गेला आणि माझ्या खुर्चीत बसला. मी मागे उभी राहिले. त्या खुर्चीमागे कसं उभं राहायचं तेही मला माहीत नव्हतं.

पहिला फोटो उघडला. "सांग," तो म्हणाला.

उजेड सुंदर होता. माझ्या तोंडात तेच आलं होतं, की उजेड बघ किती छान पडलाय. सवय दुसरं काय.

"नाही जमला," मी म्हटलं.

त्याने पुढचा उघडला. "नाही जमला." पुढचा. "हाही नाही." नवव्याला माझा आवाज फाटला. बारावा उघडला तेव्हा मी नुसती मान हलवली आणि तो म्हणाला, "बोलून सांग." मी बोलून सांगितलं.

त्याने बाराही फोटो उडवले, खुर्ची मागे सरकवली आणि थोरली गळ्यात अडकवली.

"चल, परत बस," तो म्हणाला. "आणि डोळे पूस आधी. मला फोकस तिथेच धरायचाय."