झालेल्या कामांतली बाग

पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली. लॅपटॉप तसाच टाकून ती धावली. दूध उतू जाता जाता वाचलं. गॅस बंद करून तिने कानोसा घेतला. लेक अजून झोपलेली होती. देव पावला.

महापालिकेच्या प्रसिद्धी विभागात ती मजकूर लिहायची. वर्षाचा अहवाल संध्याकाळी छापायला जायचा होता, आणि लेकीच्या अंगात कणकण, म्हणून आज काम घरूनच. अहवालाचे भाग दोनच: यंदा काय केलं आणि पुढच्या वर्षी काय करणार. रस्ते, दिवे, पाण्याची टाकी, सगळं आपापल्या जागी बसलं होतं. घोडं अडलं होतं ते एका बागेपाशी.

ती बाग तिच्या खिडकीसमोरच होती. म्हणजे कुंपण होतं, फाटक होतं आणि फाटकाला भलंमोठं कुलूप होतं. शहराच्या या टोकाला ते राहायला आले आणि महिन्याभरात नवऱ्याची बदली दूरच्या गावी झाली. इमारतीतली निम्मी घरं रिकामी, उरलेल्यांची दारं बंद. सुट्टीच्या दिवशी तर लेकीशिवाय बोलायला चिटपाखरू नसायचं. बाग उघडली की पोरीला सवंगडी मिळतील, या आशेवर ती दिवस ढकलत होती. आपल्याही शेजारी बाकावर कुणी बसेल, 'तुमची जेवते का हो नीट?' असं विचारेल, ही आशा मात्र तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

विभागाचा रिवाज असा, की फोटो आला म्हणजे काम झालं. मागच्या महिन्यात दुसऱ्या बागेतले दोन झोके ट्रकमधून आणून इथे उभे केले. फोटोग्राफरला एक मूल हवं होतं. "तुमची आहे की समोरच!" असं साहेब म्हणाले, आणि तिनेच हौसेने लेकीला नवा फ्रॉक घालून नेलं. फोटो झकास आला. संध्याकाळी झोके ट्रकमध्ये चढून परत गेले.

फोन वाजला. साहेबच.

"बाई, बाग 'केलं'मध्ये घेतली ना?"

"साहेब, कुलूप आहे हो बागेला. आत गवत माजलंय."

"फोटो आहे?"

"आहे."

"मग बाग आहे."

"फोटोत झोका घेता येत नाही, साहेब."

ते हसले. "घरी बसलात की भारी जोर चढतो तुम्हाला! अहो, सगळंच बाकी दाखवलं तर वर्षभर आम्ही काय माश्या मारल्या?"

तिला हसू आलं नाही. एकदा 'केलं'त गेलेल्या कामाकडे मग कुणी ढुंकूनही बघत नाही. झोके नाहीत, माळी नाही, काही नाही.

"फोटोतली पोर माझी आहे," ती म्हणाली. "तो फोटो मी छापू देणार नाही."

"हट्टी आहात," साहेब म्हणाले. "टाका पुढच्या वर्षात. मागे कुठेतरी टाका."

"सगळ्यात वर टाकते."

"टाका. नाहीतरी वाचतंय कोण!"

तिने खरंच सगळ्यात वर टाकली. मग कुणाला तरी सांगावंसं वाटलं. नवऱ्याला फोन लावला, तर त्याने कापला. 'कामात आहे' एवढाच मेसेज आला. हातात फोन धरून ती तशीच बसून राहिली.

डोळे चोळत लेक आली आणि मांडीवर चढली. कपाळ गार लागलं. पडद्यावर फोटो उघडाच होता: इवलासा झोका, पुढे आडवी दांडी, आत गच्च बसलेली पोर.

"आई, ही मी!"

"तूच गं, माझी राणी."

"आपली बाग कधी उघडणार?"

"पुढच्या वर्षी!" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी ठामपणे सांगता आलं होतं.

लेकीने फोटोतल्या दांडीवर बोट ठेवलं. मग खाली वाकून स्वतःच्या पोटाकडे आणि पायांकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी मी मोठी होणार ना?"

"होणार तर!"

"मग मी त्यात मावेन?"