तीन मापांचं अंगण

अंगण एकच होतं, पण सुनेच्या वहीत त्याची तीन मापं होती. सासऱ्यांनी चारशे चौरस फूट सांगितलं होतं, माळ्याने तीनशे साठ आणि कृत्रिम हिरवळ विकणाऱ्या दुकानदाराने चारशे अठ्ठ्याऐंशी. परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि मधलं धर म्हणाला. मधलं म्हणजे त्याच्याच वडिलांचं. तिने ते धरलं, पण तिच्या मनाला काही पटेना. अंगण काय रोज थोडं थोडं वाढतं की काय?

हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी चालला होता. चार महिन्यांपूर्वी मागच्या अंगणातल्या फरशीवर, नळापाशी, त्या पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, देवाच्या कृपेने नीट झालं, आणि घरातल्या घरात त्या वॉकर धरून पलंगापासून ओट्यापर्यंत जायला लागल्या. मागच्या दाराशी आल्या की मात्र पाऊल उचलत नसे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, महिनाभरात या बाहेर चालल्या नाहीत तर पाय असाच आखडून राहील. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तिथे काहीतरी मऊ घाला, मग बघू."

म्हणून हिरवळ. त्यासाठी चाळीस हजार बाजूला काढून ठेवले होते आणि महिन्यातला एक आठवडा केव्हाच सरला होता.

सुनेने वहीचं पान उभं दुमडलं. एका बाजूला खरी, दुसऱ्या बाजूला खोटी. खोटीचा दर फुटाला एकशे दहा. दुकानदाराच्या मापाने त्रेपन्न हजार सहाशे ऐंशी. एका दिवसात अंथरून देतो म्हणाला. खरीचा दर फुटाला पंचेचाळीस. माळ्याच्या मापाने सोळा हजार दोनशे, आणि फरशी उखडणं, माती, खत, पाण्याचा पाइप मिळून वर सतरा हजार. ही परवडत होती, पण तीन आठवडे तिच्यावर पाय ठेवायचा नाही, मुळं धरू द्यायची. म्हणजे परवडणारी वेळेत होत नव्हती आणि वेळेत होणारी परवडत नव्हती. दुकानदार म्हणाला होता, आमच्या हिरवळीला पाणी लागत नाही. ती दुकानाचा जिना उतरू लागली तेव्हा म्हणाला, उन्हात तापते, तेवढं पाणी मारत जा. माळी म्हणाला होता, रोज पाणी घाला. आणि लगेच म्हणाला, फार घालू नका, निसरडं होईल. पाणी दोघांनीही सांगितलं होतं. तिने दोन्ही बाजूंना पाणी लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

रविवारी सकाळी माळी उत्तर घ्यायला आला. मापाचा विषय निघताच सासरे खवळले. चाळीस वर्षं त्यांनी शिंप्याचं दुकान चालवलं होतं. माप चुकलं असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, निदान तोंडावर तरी. त्यांचा राग दुकानदारावर होता. आपण चारशेची चिठ्ठी दिली आणि त्याने त्याचे चारशे अठ्ठ्याऐंशी केले, हा लुटारूपणा. मग त्यांनी सुनेची वही ओढून तिच्यावर पट्टे काढले आणि चारशे अठ्ठ्याऐंशी कसे झाले ते त्यांनाच उमगलं. ती हिरवळ साडेसहा फूट पन्ह्याच्या गुंडाळीत येते. लांबीच्या बाजूने टाकली तर तीन पट्टे लागतात आणि शेवटचा निम्मा वाया जातो. कापड आडवं टाकलं असतं तर बहात्तर फूट वाचले असते.

"मखमल आहे ती," ते सुनेला समजावू लागले. "लव एका बाजूला झुकलेली असते. सगळे पट्टे एकाच दिशेने लावायचे, नाहीतर एक पट्टा काळा दिसतो, एक पांढरा."

माळ्याने डोकं खाजवलं. "मास्तर, ते सगळं ठीक. पण माझे तीनशे साठच येतात. तुमचे चारशे कसे आले?"

सासऱ्यांनी उत्तराऐवजी गळ्यातली टेप काढली. पाच फुटी, शिंप्याची, कडा विरलेली. अंगण त्यांनी हिनेच मोजलं होतं, हे पाहून माळी हसू लपवायला नळाकडे वळला. आता पुन्हा मोजायचं ठरलं. टेपेचं टोक धरायला सून वाकली. तिने ते ओढून धरलं की सासरे म्हणत सैल सोड, सैल सोडलं की म्हणत ताण. दोनदा टेप सुटून त्यांच्या नडगीवर बसली.

"अहो, आधी शिवणीचा दाब किती धरलात ते सांगा तिला," मागच्या दारातून आवाज आला.

सासूबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या.

"सगळीकडून सहा इंच," सासरे म्हणाले. "नेहमीसारखा."

"गवताला शिलाई असते?"

माळी आता उघड हसला. चोवीसचे पंचवीस, पंधराचे सोळा. चाळीस फूट अंगण सासऱ्यांनी शिवणीसाठी वाढवून ठेवलं होतं. ते सुनेकडे असे बघत राहिले, की जणू तिनेच ते वाढवलं असावं.

"आणि टोक असं धरतात का गं? सरक बाजूला."

वॉकरचे पुढचे पाय उंबऱ्याबाहेर आले. मग मागचे. सून टोक खाली ठेवून बाजूला सरकली. दुकानातल्या दिवसांत सासरे माप सांगत आणि सासूबाई लिहून घेत. टोक धरायलाही त्याच असत. वाकता येत नव्हतं म्हणून त्यांनी टेपेचं टोक वॉकरच्या पायाखाली दाबलं. सासऱ्यांनी पाच फुटांवर खडूची रेघ मारली आणि सवयीने म्हणाले, "ये."

त्या रेघेपर्यंत आल्या. टोक दाबलं. पुन्हा पाच फूट, पुन्हा रेघ. तिसऱ्या रेघेला सासऱ्यांचा आवाज जरा बदलला, पण ते खाली बघूनच म्हणाले, "ये." चौथ्या रेघेवर सासूबाई पोचल्या आणि तेव्हा त्यांना दिसलं की नळ हाताच्या अंतरावर आहे. त्या जागीच थबकल्या. सून धावली, माळ्याने पालथी बादली पुढे सरकवली.

"नको," त्या म्हणाल्या. "बसले तर उठायची नाही. पुढचं माप घ्या."

"चार फूट," सासरे म्हणाले. "बरोब्बर चोवीस."

परतताना सून शेजारून चालली, हात न लावता. उंबऱ्याशी आल्यावर सासूबाई वळल्या आणि कपाळावरचा घाम पदराने टिपत माळ्याला म्हणाल्या, "खरी घाल बाबा. नळाच्या बाजूची निम्मी जागा फक्त."

सुनेने घाईने सांगितलं की तीन आठवडे तिच्यावर पाय ठेवता येणार नाही, महिना संपून जाईल, पुन्हा विचार करा.

"तोवर मी उरलेल्या फरशीवर चालेन. रोज. हे मोजतील ना माझ्याबरोबर."

"मग हिरवळ कशाला?" सासऱ्यांनी विचारलं. खरंच कळलं नव्हतं त्यांना.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "आता ते मलाही सांगता येत नाही. पण घाला."

माळी निम्म्या जागेची फरशी उखडायचा हिशोब बोटांवर करू लागला. सुनेने नवं पान काढलं. बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी. या वेळी सासऱ्यांचं, माळ्याचं आणि तिचं माप एक आलं. तिने दर लिहिला, बेरीज मांडली, आणि वरच्या ओळीत ही हिरवळ कशासाठी ते लिहायला पेन टेकवलं. बराच वेळ ते तसंच टेकलेलं राहिलं. आतून सासूबाई सांगत होत्या की उद्याही सकाळीच मोजू, ऊन चढायच्या आत, आणि सासरे विचारत होते, अगं पण मोजायचं काय?