अनुमोदन

दर दोन वर्षांनी शेजारी देशांतले समाजशास्त्रज्ञ कुठल्यातरी मोठ्या हॉटेलात जमत आणि आपण एकमेकांना सहकार्य केलं पाहिजे यावर एकमत करून घरी जात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच एकमत. हे गुऱ्हाळ चालवणाऱ्या अध्यक्षांना लोक पाठीमागे 'ठरावमहर्षी' म्हणत आणि तोंडावर 'सर'. त्यांनी शेवटचं संशोधन कधी केलं होतं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाही आठवत नव्हतं. समारोपाच्या भाषणात आवंढा कुठे गिळायचा, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदाच्या यजमान शहरातली एक प्राध्यापिका खरंच काहीतरी काम घेऊन आली होती. सीमेवरच्या नदीकाठी कुंपण पडल्यापासून अलीकडच्या आया आणि पलीकडे दिलेल्या मुली एकमेकींना भेटल्या नव्हत्या. प्राध्यापिका अलीकडे आयांशी बोलली. पलीकडच्या देशातल्या तिच्या एक सहकारी तिकडच्या मुलींशी बोलल्या. त्या वयाने मोठ्या, म्हणून ती त्यांना ताई म्हणायची. आईचं बोलणं आणि त्याखाली तिच्याच मुलीचं, असा दोघींनी मिळून निबंध लिहिला होता.

कार्यक्रमपत्रिका हातात पडली. आया पहिल्या सभागृहात, मुली दुसऱ्या. वेळ एकच.

ती तरातरा अध्यक्षांकडे गेली. ते कोटावरचा बिल्ला आरशात बघून सरळ करत होते.

"सर, आमचा निबंध एकच आहे. तुम्ही तो मधोमध फाडलाय."

"मॅडम, सत्रं देशानुसार आहेत. प्रत्येक देशाला समान वेळ. सहकार्यालाही शिस्त लागते."

"पण आम्ही दोघींनी सहकार्यच केलंय!"

"तेच तर! अभिनंदन," म्हणत त्यांनी बिल्ला पुन्हा थोडा डावीकडे सरकवला.

तिने आया वाचल्या. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ मान खाली टाकून घोरत होते. दुसरे एक फोनवर परतीच्या विमानाची चौकशी करत होते. शेवटी एका बाईंनी हात वर केला. "मुलींचं काय म्हणणं आहे?"

"त्या शेजारच्या हॉलमध्ये आहेत," ती म्हणाली.

सभागृह हसलं. विनोद झाला, असं त्यांना वाटलं.

समारोपाला अध्यक्षांनी दोघींना मंचावर बोलावलं. "हे पाहा आपल्या परिषदेचं फळ!" ठरल्या जागी त्यांनी आवंढा गिळला. "आई आणि मुलगी या विषयावर आपण लवकरच एक अभ्यासगट नेमतो आहोत. त्याचं प्रमुखपद मी नम्रपणे स्वीकारतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. घोरणारे अर्थतज्ज्ञही दचकून जागे झाले आणि कशासाठी ते न विचारता टाळ्या पिटू लागले.

प्राध्यापिकेच्या डोक्यात तिडीक गेली. ती माइककडे वळली, तसं ताईंनी तिचं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"याची सगळ्यांसमोर बिनपाण्याने करते."

"कर. आणि मग मी परत कशी येऊ?" ताई चेहऱ्यावरचं हसू न हलवता पुटपुटल्या. "याच्या आमंत्रणावर मला व्हिसा मिळतो. तुझ्या नाही."

फोटोवाला समोर आला. अध्यक्ष दोघींच्या मधे घुसले आणि त्यांनी दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले. तिला शिसारी आली. तरी ती हसली.

मग पुढच्या परिषदेचा ठराव आला. "प्रादेशिक सहकार्य अधिक दृढ करण्यासाठी," अध्यक्ष वाचू लागले. "अनुमोदन कोण देतं?"

"मी!" प्राध्यापिका इतक्या मोठ्याने म्हणाली, की मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. अध्यक्ष प्रेमाने तिच्याकडे बघून मान डोलावू लागले. हे अनुमोदन ताईंच्या व्हिसाला होतं, हे या माणसाला जन्मात कधी कळणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्यातच तिला थोडं बरं वाटलं.

निरोपाच्या चहाला दोघी थांबल्या नाहीत. सगळे खाली पेस्ट्रीच्या टेबलाभोवती शेजारधर्मावर बोलत असताना त्या ताईंच्या खोलीत गेल्या. पलंगावर कागद पसरले आणि ताईंनी निबंधात न आलेल्या एका मुलीचं ध्वनिमुद्रण लावलं.

"थांबवा," प्राध्यापिका एकदम म्हणाली. "हिची आई माझ्याकडे आहे. मागे घ्या, पुन्हा ऐकू."